आरोपीचा वकील कंत्राटी का?

वकील झालेल्या मुलाचा सत्कार करायला आपला समाज कधी विसरत नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि व्यासपीठावरून तेच भाषण: कौमला वकील हवेत, डॉक्टर-इंजिनिअर पुष्कळ झाले, आता पोरांनी कोर्टात गेलं पाहिजे. टाळ्या पडतात, फोटो निघतात, बिर्याणी होते. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा काळा कोट घालून कोर्टात गेला की महिनाअखेर त्याच्या हातात काय पडतं, हा प्रश्न त्या व्यासपीठावरच्या एकालाही पडत नाही. मला पडतो, आणि आज त्यावर स्पष्ट बोलायचं आहे.

मी वकील नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. पण 'तात्पुरता' या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशातून शिकावा लागला नाही. मी शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा माध्यमिकचं मानधन महिना ४,००० रुपये होतं. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. मान शासनाने ठेवून घेतला आणि धन किराणावाल्याने नेलं. तरी आम्हाला एक आधार होता. तीन वर्षं निभावली की कायम होणार, हे कागदावर लिहिलेलं होतं. आज माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली वकिलीत आहेत. त्यांच्या कागदावर तेवढंही लिहिलेलं नाही.

आधी ज्युनिअरचं पाहू. पाच किंवा तीन वर्षं कायदा शिकायचा, सनद घ्यायची, बार कौन्सिलची परीक्षा द्यायची. सनदेसाठी राज्यांची बार कौन्सिलं हजारोंनी पैसे घेत होती. शेवटी जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, जास्त घेता येणार नाही. ही सगळी दारं ओलांडून मुलगा सिनिअरच्या ऑफिसात पोचतो. तिथे फायली लावायच्या, नकला काढायच्या, टायपिस्टकडे बसायचं, पुकारा झाला की उभं राहून पुढची तारीख मागायची. याबद्दल काही ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, काही ठिकाणी ईदला पाकीट, आणि काही ठिकाणी फक्त 'शिकायला मिळतंय ना' हे वाक्य.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं. शहरात ज्युनिअरला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं त्यात आहे. वाचून बरं वाटतं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात जाऊन कुणाही ज्युनिअरला विचारा, ही शिफारस तुमच्या टेबलापर्यंत पोचली का? तो हसेल.

दुसऱ्या बाजूला याच बार कौन्सिलचा नियम आहे की वकिली चालू असताना वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नियमामागचा विचार चांगला आहे. वकील कुणाचा नोकर नसावा. पण बिनपगारी ज्युनिअरच्या वाट्याला त्या नियमातून काय येतं? भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, बाळंतपणाची सुट्टी नाही, नेमणुकीचा कागदही नाही. स्वातंत्र्य आहे म्हणे. उपाशी राहण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांनाच असतं, त्यासाठी सनद लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण इथे फक्त वकिलाच्या पोटाचा सवाल नाही.

राज्यघटनेच्या कलम ३९(अ) मध्ये मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना कुजणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि सांगितलं की गरीब आरोपीला वकील मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यावरचं नाव एका मुस्लिम बाईचं आहे, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्यानुसार कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

हा वकील आधी पॅनेलवरचा असायचा. त्याला एकेका खटल्यामागे थोडी रक्कम मिळायची, आणि ती मिळायलाही वेळ लागायचा. त्यामुळे तो स्वतःची कामं आटोपून उरलेल्या वेळात गरिबाचा खटला पाहायचा. २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने नवी योजना आणली. आपल्याकडे तिला लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य, उप आणि सहायक अशा तीन पायऱ्या. मुख्याला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, उपाला सात वर्षांचा, सहायक नवखाही चालतो. पूर्णवेळ हेच काम करायचं, खासगी खटले घ्यायचे नाहीत. कल्पना उत्तम आहे, हे मी आधी मान्य करतो. गरिबाच्या बचावासाठी पूर्णवेळ कार्यालय असावं, ही मागणी जुनीच होती.

पण नेमणूक कशी? कंत्राटी. सुरुवातीला दोन वर्षं, मग काम समाधानकारक वाटलं तर वर्षावर्षाने वाढ.

आता कोर्टाच्या त्या खोलीत कोण कोण बसलंय ते पाहा. न्यायाधीश कायम. शिरस्तेदार कायम, पट्टेवाला कायम. तपास करणारा फौजदार कायम. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात शासनाची बाजू मांडणारा सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून आलेला, तोही कायम. सत्र न्यायालयात सरकारी वकीलसुद्धा मुदतीवर नेमले जातात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या मागे अख्खं पोलीस खातं उभं असतं. आरोपीच्या मागे एकच माणूस असतो, आणि नेमका त्याच्याच खुर्चीवर मुदतीची तारीख लिहिलेली असते.

वर आणखी एक गोष्ट. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. म्हणजे ज्या व्यवस्थेत मुदतवाढीचा विचार व्हायचा, तिच्या जिल्ह्यातल्या शिखरावर न्यायपीठच आहे. मी कुणा न्यायाधीशाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. रचनेबद्दल बोलतोय. बचावाच्या वकिलाचं कामच त्रास देण्याचं असतं. साक्षीदाराला उलटं-सुलटं विचारायचं, पंचनाम्यातली खोट काढायची, कोर्टाला वेळ मागायचा, अर्ज फेटाळला तर वरच्या कोर्टात जायचं. ज्याची रोजीरोटी दरवर्षी नव्याने मंजूर व्हायची आहे, तो हा त्रास किती मोकळेपणाने देईल? न्यायाधीशाला नोकरीची शाश्वती का दिली? सरकारविरुद्ध निकाल देताना त्याचा हात थरथरू नये म्हणून. मग सरकारविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाच्या हाताची काळजी कुणी करायची?

सततपणा का लागतो, हे एका साध्या तरतुदीवरून कळेल. अटक झाल्यावर पोलिसांनी ठरावीक मुदतीत आरोपपत्र दाखल करायचं असतं. गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत. केलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, ती कोर्टाची मेहेरबानी राहत नाही. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज करायच्या आधी आरोपपत्र येऊन पडलं की हक्क संपला. म्हणजे एकसष्टाव्या किंवा एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी कुणीतरी कॅलेंडर पाहून कोर्टात हजर असायला हवं. त्याच आठवड्यात वकिलाची मुदत संपली असेल, फाईल दुसऱ्याच्या टेबलावर गेली असेल आणि त्या दुसऱ्याने ती अजून उघडलीच नसेल, तर एका माणसाचं वर्ष आत जातं. कायदा मोडला नाही कुणी. फक्त तारीख पाहायला माणूस नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात अवघ्या तेरा दिवसांत सुनावणी आटोपून फाशी सुनावली गेली होती. त्या अनोखीलाल प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात मदतीला दिलेला वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीला निदान सात दिवस मिळावेत, असंही बजावलं. तयारी आणि अनुभव यांची किंमत न्यायालयाला कळते. तो अनुभव ज्याच्यात साठायचा, त्यालाच दोन वर्षांच्या कंत्राटावर ठेवलं तर साठणार कसा?

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच कामात आहे. मागे भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तुरुंगात भेटायला गेले की आरोपी दुसरं काही विचारत नाहीत. वकीलबाई, पुढच्या तारखेला तुम्हीच येणार ना, एवढंच विचारतात. मी इन्शाअल्लाह म्हणते. माझ्या ऑर्डरवरची शेवटची तारीख त्यांना कशी सांगू?"

हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा जास्त का टोचायला हवा? आकडे पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्च्या कैदेत होती, म्हणजे चौघांतल्या तिघांवर अजून गुन्हा शाबीत झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १४.२ टक्के आहेत. कच्च्या कैद्यांत त्यांचा वाटा दरवर्षी त्याहून जास्त निघतो. दलित-आदिवासींचंही तेच. महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी तुरुंगांतल्या मुसलमानांचा अभ्यास केला, त्यातही लोकसंख्येपेक्षा मोठं प्रमाण समोर आलं. तुरुंग गरिबांनी भरलेत, आणि गरिबांत आपण पुष्कळ आहोत. त्यामुळे गरिबाचा वकील कच्चा ठेवला की आपलं घर आधी गळायला लागतं.

'तात्पुरता वकील' हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या दाव्यांत लाखो कागद तपासायचे असतात. त्यासाठी एजन्सीमार्फत तासावर वकील आणतात. रांगेत बसवून पडद्यावर कागदांना खुणा करायला लावतात. काम संपलं की घरी. अशाच एका वकिलाने तासाला २५ डॉलरवर पंधरा महिने काम केलं आणि जादा कामाच्या पैशासाठी दावा लावला. त्याचं म्हणणं असं की माझ्या कामात वकिली बुद्धी वापरायला जागाच नव्हती, मग मला वकील म्हणून जादा पैसे नाकारता कशाला? २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने त्याचा मुद्दा उचलून धरला. जे काम यंत्रही करू शकतं, तेवढंच करणाऱ्याला वकिली करतोय असं म्हणता येणार नाही, या अर्थाचं मत दिलं. आपण वकील नाही हे शाबीत करून हक्काचे पैसे मागायची वेळ एका वकिलावर आली. याच धर्तीचं काम गेली वीसेक वर्षं मुंबईतही येतं, आणि आपली काही मुलं ते करतात. तिथे तात्पुरत्या माणसामुळे बिघडलं तर एखाद्या कंपनीचा कागद इकडचा तिकडे होतो. आपल्याकडे तात्पुरता माणूस एखाद्याच्या सुटकेसाठी उभा असतो.

आता समोरच्यांची उत्तरं ऐकू.

सिनिअर म्हणतात, आम्हीही असेच दिवस काढले. काढले असतील. पण तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्यांतले किती जण दोन वर्षांत कोट खुंटीला टांगून दुकानावर बसले, ते मोजलंत का? जे टिकले तेच आज बोलताहेत. आणि टिकले कोण? ज्यांच्या घरी जमीन होती, बाप वकील होता, किंवा भाऊ आखातात कमावत होता. रिक्षावाल्याचा मुलगा टिकत नाही. मुलगी तर नाहीच नाही. घरचे एक वर्ष वाट पाहतात, मग म्हणतात, कमाई नाही ना, चला, निकाह उरकून टाकू.

अधिकारी म्हणतात, कंत्राट असलं की माणूस काम करतो, कायम झाला की सुस्तावतो. हे शिक्षकांनाही रोज ऐकवतात. सुस्त माणसाला वठणीवर आणायला चौकशी, कारवाई, बदली अशी साधनं आहेत. ती वापरायची मेहनत नको म्हणून सगळ्यांच्याच डोक्यावर टांगती तलवार ठेवायची, हा कारभार झाला की आळस?

आणि आपले बुजुर्ग म्हणतात, बेटा, ही खिदमत आहे. या शब्दाची मी इज्जत करतो, म्हणूनच त्याचा असा वापर मला सहन होत नाही. खिदमत म्हणत आपण मशिदीच्या इमामाला तुटपुंज्या पगारावर ठेवतो. खिदमत म्हणत मदरशाच्या मौलवींना ठेवतो. खिदमत म्हणत आपल्याच अंजुमनच्या विनाअनुदानित शाळांत बी.एड. झालेल्या मुली अत्यल्प मानधनावर राबतात आणि सही मात्र जास्त रकमेवर करतात, अशा तक्रारी आपल्यापैकी कुणी ऐकल्या नाहीत? खिदमत ही करणाऱ्याने स्वतःहून म्हणायची गोष्ट आहे. पैसे देणाऱ्याने तो शब्द उच्चारला की समजावं, खिसा शिवलेला आहे. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो. मग काळ्या कोटातला घाम कुठल्या खात्यात जातो?

मागणी साधी आहे. शासनाने लोक अभिरक्षकांचा नियमित संवर्ग तयार करावा, अभियोक्त्यांसारखी परीक्षा घ्यावी, भविष्यनिर्वाह निधी आणि प्रसूती रजा द्यावी. तोवर निदान एवढं करावं की हाती घेतलेला खटला निकालापर्यंत त्याच वकिलाकडे राहील, आणि बदल करावाच लागला तर फाईल लेखी टिपणासह, आरोपीला सांगून पुढे जाईल. मुदतवाढ कुणाच्या मर्जीवर न ठेवता तिचे निकष जाहीर करावेत. ज्युनिअरच्या विद्यावेतनाची शिफारस सक्तीची करावी, आणि छोट्या गावातल्या सिनिअरला ते झेपत नसेल तर राज्याने भर घालावी. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षं महिना ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली होती. तिकडे जे सुचलं ते इकडे सुचायला हरकत नव्हती.

पण शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. बार कौन्सिलच्या ग्रामीण दराने एका ज्युनिअरचं वर्षाचं विद्यावेतन १,८०,००० रुपये होतं. मध्यम शहरातल्या एका वलीम्याचा मंडप आणि जेवण यात किती जातात, हे तुम्हीच हिशेब करा. प्रत्येक शहराच्या जमातीने तीन वर्षांसाठी एक मुलगा किंवा मुलगी निवडावी, पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा करावेत, आणि अट एकच घालावी: जिल्हा तुरुंगात ज्याला वकील नाही त्याचा खटला घ्यायचा, त्याचं नाव आणि मजहब न विचारता. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितलेत, त्यांत गुलामीतून सुटका आणि कर्जात बुडालेले येतात. आजचा कच्चा कैदी त्यात बसतो का, वकिलाचं वेतन त्यातून देता येतं का, यावर उलेमांना जरूर विचारा. त्यांचं उत्तर नाही आलं, तर लिल्लाह आणि इमदाद आहेच. मदरशाचे पगार आपण त्यातूनच देतो ना?

पुढच्या वेळी नव्या वकिलाचा सत्कार ठरेल तेव्हा मला बोलवा, मी येईन. पण व्यासपीठावर चढून एकच विचारीन: या मुलाला दरमहा किती देणार, कुठून देणार, आणि किती वर्षं देणार? या तीन आकड्यांचं उत्तर ज्या जमातीकडे असेल, तिने खुशाल शाल पांघरावी. नसेल तर शालीचे पैसे तरी त्याला रोख द्या, एका महिन्याचा बसचा पास निघेल.